पैनगंगेच्या अलीकडचे तांडे

यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास लिहावयास बसणाऱ्यास पहिली अडचण ही पडते की, ज्याचा इतिहास लिहावयाचा तो जिल्हाच फार जुना नाही. पूर्वेकडून वर्धा आणि दक्षिणेकडून पैनगंगा ह्या दोन नद्यांनी कवेत घेतलेला हा डोंगराळ, सागवानी जंगलांचा मुलूख १८५३ च्या तहान्वये निजामाने बाकीच्या वऱ्हाडाबरोबर कंपनी सरकारच्या हवाली केला. १८६४ साली त्याचा निराळा जिल्हा करण्यात आला. त्या जिल्ह्याचे नाव वणी आणि कचेऱ्या मात्र यवतमाळास, अशी चमत्कारिक व्यवस्था कित्येक वर्षे चालली. आणि १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून त्याचा पुसद तालुका इकडे जोडण्यात आला, तेव्हा कोठे आज आपण ज्यास यवतमाळ जिल्हा म्हणतो त्याची आकृती सिद्ध झाली. ज्या भूभागाच्या सीमाच दप्तरदारांनी चारपाच वेळा खोडून पुन्हा आखल्या, त्या भूभागात मूळचा कोण आणि उपरा कोण हा प्रश्न विचारणाऱ्याने तो जरा जपूनच विचारला पाहिजे.

तरीही तो विचारला गेला आहे, आणि वारंवार विचारला गेला आहे. डोंगराच्या माथ्यावर पोडांतून राहणारे कोलाम, चांद्याच्या राजवटीची आठवण बाळगणारे गोंड व त्यांचे परधान, पुसद-उमरखेडकडचे आंध ह्यांच्याविषयी तो कोणी विचारीत नाही. वर्धेकाठच्या काळ्या जमिनीत पिढ्यान्पिढ्या नांगर धरणाऱ्या कुणब्याविषयीही विचारीत नाही. केळापूर व वणी ह्या बाजूस दक्षिणेकडून येऊन स्थिरावलेली तेलुगूभाषक कुळे आणि कापसाच्या भरभराटीच्या काळात पेढ्या व जिनिंगचे कारखाने घेऊन आलेले मारवाडी व्यापारी ह्यांना तो क्वचित विचारला गेला, पण लवकरच विसरलाही गेला. कारण ज्याच्या वहीत निम्म्या गावाचे देणे लिहिलेले असते त्याला, तू कोठून आलास, असे विचारण्याचे धारिष्ट सहसा कोणी करीत नाही. हा प्रश्न ज्यांना तीन राजवटींनी तीन निराळ्या कारणांसाठी विचारला, आणि ज्यांच्या उत्तरावर त्यांचे मानमरातब, अब्रू आणि अखेरीस जमीनजुमलाही अवलंबून राहिला, ते लोक म्हणजे बंजारे. आमच्याकडील बोलीत लमाण.

पहिल्या राजवटीत हा प्रश्न कौतुकाचा होता. पक्के रस्ते नव्हते, नद्यांवर पूल नव्हते आणि पावसाळ्यानंतर कित्येक दिवस वऱ्हाडच्या चिकण मातीतून गाडीचे चाक निघत नसे, अशा काळात धान्य आणि मीठ देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोहोचविण्याचे काम पाठीवर गोण्या लादलेले बैल करीत, आणि त्या बैलांचे धनी बंजारे असत. ह्या धंद्यास ते लदेणी म्हणत. १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात प्रवास करणाऱ्या पीटर मंडी ह्या इंग्रज व्यापाऱ्याला वाटेत भेटलेल्या एकाच तांड्यात चौदा हजार बैल होते, अशी त्याने आपल्या रोजनिशीत नोंद केली आहे. आणि त्याच शतकातील ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सांगतो की, हे लोक चार वर्गांत विभागलेले असून एकेका वर्गाने एकेकच जिन्नस वाहावयाचा, कोणी धान्य, कोणी तांदूळ, कोणी डाळी तर कोणी मीठ, असा त्यांचा शिरस्ता होता. ताव्हेर्निएने ऐकीव माहिती थोडी जास्तच नीटनेटकी करून सांगितली असावी, असा मला संशय आहे; पण अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की बाकीच्या वाटसरूंना तो जाईपर्यंत खोळंबून राहावे लागे, हे त्याचे म्हणणे मात्र अनुभवाचे दिसते.

दक्षिणेत हे लोक उतरले ते प्रामुख्याने मोगली फौजांच्या मागोमाग. त्यांच्यातील चारण शाखेच्या परंपरेप्रमाणे शहाजहानचा वजीर आसफखान १६३० च्या सुमारास विजापूरकरांवर चालून आला, तेव्हा त्याच्या लष्करास रसद पुरविणाऱ्यांत राठोडांचे नायक भंगी आणि जंगी हे होते व त्यांच्यापाशी एक लाख ऐंशी हजार बैल होते. वडतियांचा नायक भगवानदास बावन्न हजार बैलांचा धनी होता. पैकी राठोडांच्या नायकांस आसफखानाने सोनेरी अक्षरांचा एक ताम्रपट करून दिला, आणि त्यात लोकांच्या घरचे रांजणातील पाणी व छपराचे गवत घेण्याची मोकळीक, एवढेच नव्हे तर दिवसाकाठी तीन खून माफ, अशी सनद होती, असे ही परंपरा सांगते. आकड्यांचा काटेकोर हिशेब कोणी मागू नये, आणि तीन खुनांची माफी खरोखर कोणी वापरली काय ह्याचीही चौकशी करू नये. परंतु ह्या कथेतील राजकारण अगदी खरे आहे. ज्या लष्कराला रोज हजारो खंडी धान्य लागे, त्या लष्कराच्या सेनापतीला तलवारीपेक्षा बैलाची गरज अधिक होती, आणि त्यासाठी फिरस्त्याला तो कायद्याच्या बाहेर नव्हे, कायद्याच्या वर नेऊन बसविण्यास राजी होता. पुढे १८०३ साली आर्थर वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांवर चालून जाऊन अडगाव व गाविलगड येथे वऱ्हाडातच लढली, तेव्हाही तिच्या पोटाची काळजी बऱ्याच अंशी बंजाऱ्यांवर होती. आणि दोन्ही बाजूंच्या फौजांना धान्य विकणाऱ्या ह्या लोकांना, तुम्ही नक्की कोणाचे, असे विचारण्याची कोणालाच सोय नव्हती.

ही सद्दी संपली ती शांततेमुळे. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला, फौजा छावण्यांत स्थिर झाल्या, खडीचे रस्ते झाले. आणि १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून नागपुरास जाऊन पोहोचला, तेव्हा समुद्रकाठचे मीठ जे बैलाच्या पाठीवरून कित्येक आठवड्यांनी येई ते आगगाडीच्या डब्यातून दोनतीन दिवसांत येऊ लागले. कोणत्याही अध्यादेशाने बंजाऱ्याचा धंदा बंद केला नाही. तो आपोआप निरर्थक झाला. एका पिढीत हजारो बैलांचे धनी गुराखी झाले आणि गुराख्यांचे पुढे शेतमजूर. यवतमाळ-पुसदच्या डोंगरांत रेल्वे नव्हती, वाटा अवघड होत्या, चराई मुबलक होती. म्हणून ज्यांना आपला जुना व्यवहार आणखी थोडी वर्षे रेटावयाचा होता ते तांडे इकडे सरकले आणि येथेच थांबले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीची अरुंद रेल्वे मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळास आली, तेव्हा उरलीसुरली लदेणीही संपली.

थांबण्यास जागाही होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लुटालूट, दुष्काळ आणि निजामाच्या इजारदारांची पिळवणूक ह्यांनी ह्या भागातील असंख्य गावे उजाड झाली होती. महसुलाच्या वहीत नाव आणि प्रत्यक्षात पळसाचे रान, अशी त्यांची स्थिती होती. ती पुन्हा वसविण्यासाठी सरकारने १८६५ साली पडित जमिनींचे नियम केले आणि अशी गावे तीस-तीस वर्षांच्या कौलाने देऊ केली. ह्या व्यवस्थेसही इजारा हेच नाव पडले, आणि आजही जिल्ह्यातील अनेक गावांच्या नावामागे ‘इजारा’ हे शेपूट लागलेले दिसते ते त्या काळचे. कौल घेणारे बहुधा पैसेवाले व प्रतिष्ठित लोक असत. पण रान तोडावयास, दगड वेचावयास आणि पहिली ज्वारी पेरावयास जी माणसे लागत त्यांत तांड्यांतील माणसांचा भरणा मोठा होता. दारव्हा, दिग्रस, पुसद ह्या पट्ट्यात हळूहळू तांड्याचा मुक्काम वस्ती झाला आणि काही ठिकाणी वस्तीचे गाव होऊन नायक गावकीच्या मानकऱ्यांत गणला जाऊ लागला. पुसदजवळचे गहुली हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. ते चतुरसिंग नायक ह्यांनी वसविले. जिल्ह्याच्या शेतीच्या इतिहासात ह्या मेहनतीला जेवढी जागा मिळावयास हवी तेवढी कोणी दिलेली नाही. पाणथळीची काळी जमीन आधीच कुणब्याकडे होती. बंजाऱ्याच्या वाट्यास आली ती मुरमाड उतरण, आणि आज जिरायती कापसाच्या नावाने जे दुःख आपण वर्तमानपत्रांतून वाचतो त्याचा फार मोठा भाग ह्याच उतरणीवर घडत असतो.

पण ह्याच वेळी दुसऱ्या राजवटीने तोच प्रश्न निराळ्या आवाजात विचारावयास प्रारंभ केला होता. वऱ्हाड पोलीस खात्यातील कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याने बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिले. ते प्रथम १८६९ साली लिहिले गेले असे म्हणतात, व १८८२ साली पुन्हा छापले गेले. त्यात त्यांच्या कुळी, लग्नविधी, शपथा, चेटकीविषयीच्या समजुती ह्यांची माहिती आहे, आणि पुढील सर्व जातिविषयक ग्रंथांनी ती उचलली आहे. एखाद्या समाजाचा पहिला सविस्तर चरित्रकार पोलीस अंमलदार असावा, ही गोष्टच त्या समाजाच्या बदललेल्या नशिबाविषयी पुष्कळ सांगून जाते. १८७१ साली उत्तरेकडील प्रांतांसाठी गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, १९११ साली तो सुधारून देशभर लागू करण्याची तजवीज झाली, आणि निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांच्या निरनिराळ्या शाखा त्याच्या कचाट्यात सापडल्या. नाव नोंदवा, हजेरी द्या, परवान्यावाचून हलू नका. आसफखानाने ज्या चालण्याबद्दल सनद दिली असे म्हणतात, तेच चालणे आता पुराव्याशिवाय सिद्ध झालेला अपराध ठरले.

येथे वऱ्हाडच्या एका कायदेशीर विक्षिप्तपणाकडे लक्ष वेधल्यावाचून राहवत नाही. १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असूनही वऱ्हाड हे तत्त्वतः निजामाचेच राहिले. १९०२ च्या करारानंतर ते कायमच्या पट्ट्याने घेऊन मध्यप्रांताच्या कारभारास जोडण्यात आले, तरी निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री संपले नव्हते. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा येथे आपसूक लागू होत नसे; गव्हर्नर जनरलच्या हुकुमाने तो एकेक करून आणावा लागे. म्हणजे पुसदचा कुणबी, दारव्ह्याचा देशमुख आणि यवतमाळचा वकील हे सारेच एका अर्थी परक्या राजाचे प्रजाजन होते. मात्र त्यांच्यापैकी कोणावरही परकेपणाचा आरोप आला नाही. तो आला फक्त त्यांच्यावर, ज्यांना आपले घर बैलावर लादण्याची सवय होती.

जंगलाच्या कायद्याने ही अडचण आणखी वाढविली. १८८६ सालच्या वऱ्हाड जंगल कायद्याने रानांची प्रतवारी झाली, इमारती लाकडाची राने वेगळी, चराईची वेगळी. आणि ज्या कुरणांतून तांड्याची गुरे वाटेल तशी फिरत त्या कुरणांवर शुल्क, दंड आणि कोंडवाडा आला. मोहाची दारू गाळणे हा घरगुती व्यवहार होता, तो अबकारी गुन्हा झाला. ह्या दोन कायद्यांनी तांड्याचा आणि शिपायाचा जो संबंध जोडून दिला तो गुन्हेगार जमातींच्या कायद्यापेक्षाही चिवट ठरला, असे माझे मत आहे. कारण तो कायदा पुढे रद्द झाला, हे दोन राहिले.

बाहेरचा कायदा असा अंगावर येत असताना तांड्याचा स्वतःचा कायदा आत चालूच होता. नायक, कारभारी आणि जाणती मंडळी ह्यांची बैठक बसे, तिला नसाब म्हणतात. लग्न मोडणे, गुरे चोरणे, वाटणी, शिवीगाळ, सारे तेथेच मिटे, आणि दंडाची रक्कम पुष्कळदा तेथेच सामुदायिक भोजनात खर्ची पडे. गावकीचा पाटील आणि इंग्रजी तहसीलदार ह्या दोघांशी बोलावयाचे ते नायकाने; बाकीच्यांनी शक्यतो कोर्टाची पायरी चढू नये, असा दंडक होता. ह्या न्यायाची स्तुती करण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. पण त्या बैठकीत स्त्रियांचा आवाज जवळजवळ नव्हता आणि चेटकीच्या संशयावरून झालेले अन्यायही तिच्याच छत्राखाली झाले, हे सांगितल्यावाचून ती स्तुती प्रामाणिक होत नाही.

आपल्या आणि परक्या अशा दोनच वर्गांत जग विभागण्याची बंजाऱ्यांची रीत होती: आपण गोर, बाकी सारे कोर. अशी माणसे मराठी गावाच्या शिवेवर शंभर-दीडशे वर्षे राहिली, तर त्यांचे काय झाले? भाषा टिकली. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, अशी तीन वस्त्रे ती मुले सहज बदलतात. स्त्रियांचा आरशांचा फेटिया, कांचळी आणि दंडापर्यंत चढणाऱ्या बलिया ही वेशभूषा वृद्धांपुरती उरली. नव्या मुली पाचवारी साडी व पंजाबी पोशाख वापरतात. श्रावणात कुमारिकांनी टोपल्यांत गहू पेरून नऊ दिवस तीज साजरी करावी, होळीला लेंगी गात फेर धरावा, नवजात मुलाची धुंड करावी, हे आजही चालते; परंतु त्याच तांड्यात पोळाही होतो. आडनावांनी तर मोठीच गंमत केली आहे. राठोड आणि आडे ओळखू येतात. पण पवार, चव्हाण आणि जाधव हे पुण्या-मुंबईस गेले म्हणजे कोणी त्यांना तांडा विचारीत नाही, आणि पुष्कळांना तसे न विचारले गेलेलेच बरे वाटते. शासकीय दप्तरांनी बंजारा आणि वंजारी ह्या दोन भिन्न जातींची जी सरमिसळ करून ठेवली आहे, तिचा निकाल लावण्यास तर स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागेल.

ह्या विखुरलेल्या लोकांना एकत्र बांधणारे स्थान म्हणजे जिल्ह्याच्या पश्चिम हद्दीपलीकडील, आज वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात असलेले पोहरादेवी. संत सेवालाल महाराजांचा जन्म १७३९ सालचा मानतात, तोही दूर दक्षिणेस, आजच्या आंध्र प्रदेशात. आणि त्यांची समाधी मात्र वऱ्हाडात. रामनवमीच्या यात्रेस तेलंगण, कर्नाटक, मराठवाडा आणि खानदेश येथून दिग्रसच्या रस्त्याने जे लोक येतात त्यांच्या घरी एकच बोली असते, पण यात्रा संपवून ते परत निघाले की कायद्याच्या दृष्टीने ते तीन निराळ्या वर्गांचे होतात. त्याची हकीकत पुढे येईल.

१९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला. त्याच साली गहुलीच्या चतुरसिंग नायकांचा नातू पुसदहून मध्यप्रदेश विधानसभेवर निवडून गेला. वसंतराव नाईक ह्यांचा जन्म १ जुलै १९१३ चा. शिक्षण नागपुरास, वकिली पुसदला, विवाह नागपूरच्या घाटे ह्या ब्राह्मण कुटुंबातील वत्सलाबाईंशी, तोही १९४१ साली, जेव्हा अशा विवाहाने दोन्ही बाजूंच्या समाजांत सारखीच खळबळ उडत असे. ह्यापुढील चरित्र सर्वश्रुत आहे: महसूल खाते, ५ डिसेंबर १९६३ पासून मुख्यमंत्रिपद, आणि अकरा वर्षांहून अधिक काळ ते अबाधित. मला त्यांच्या चरित्रातील महत्त्वाची गोष्ट निराळी वाटते. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या स्थापन करण्याची शिफारस ज्या समितीने केली तिचे अध्यक्ष वसंतराव होते. शेतजमिनीच्या कमाल धारणेचा १९६१ चा कायदा झाला तेव्हा महसूलमंत्री तेच होते. आणि १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची योजना राज्यभर नेली गेली ती त्यांच्याच कारकिर्दीत. गाव म्हणजे काय, जमीन किती असावी आणि काम मागण्याचा हक्क कोणाला, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या माणसाच्या हाताखालून गेली, त्याच्या आजोबांनी गावही स्वतः वसविले होते, आणि जमीनही रानातून काढली होती. पुढे त्यांचे पुतणे सुधाकरराव हेही १९९१ ते १९९३ मुख्यमंत्री होते. पुसदसारख्या एका आडवळणाच्या तालुक्याने राज्याला दोन मुख्यमंत्री द्यावेत आणि दोघेही तांड्यातले असावेत, ह्याचा अभिमान जिल्ह्यातील बिगर-बंजाऱ्यांनाही आहे. हा अभिमान आणि गावातील रोजचा दुरावा हे दोन्ही एकाच मनात सुखाने नांदतात, हेही खरे.

तांड्यातला मनुष्य मंत्रालयात बसला म्हणून तांड्याचा प्रश्न सुटला, असे मात्र झाले नाही. तिसऱ्या राजवटीने, म्हणजे आपल्या स्वतःच्या राज्याने, तोच प्रश्न विचारावयास घेतला, आणि ह्या वेळी उत्तर कागदावर हवे होते. २१ नोव्हेंबर १९६१ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्राने विमुक्त जातींची यादी केली, तीत बंजारा हे नाव घातले, आणि तीच तारीख वास्तव्याच्या पुराव्याची कसोटी ठरली: त्या दिवशी कुटुंब महाराष्ट्रात होते काय? शेजारच्या आंध्रात निराळा हिशेब झाला. तेथे रायलसीमा व किनारपट्टीतील लंबाडे पूर्वीच अनुसूचित जमातींत होते, तेलंगणातले नव्हते. १९७६ च्या संसदीय कायद्याने तोही भेद काढून टाकला. कर्नाटकात हेच लोक अनुसूचित जातींत मोडतात. पैनगंगेच्या अलीकडे विमुक्त, पलीकडे आदिवासी, आणि आणखी दक्षिणेस गेल्यास दलित!

ह्या तफावतीचे परिणाम नदीच्या दोन्ही काठांवर झाले. १९७६ नंतर महाराष्ट्राच्या बाजूने बंजारा कुटुंबे आदिलाबादेकडे सरकू लागली, आणि गोंडांसाठी राखलेल्या जमिनी व सवलती ह्यांवर नवा भार पडला, ह्याबद्दल ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ ह्या मानववंशशास्त्रज्ञाने मोठ्या कळकळीने लिहिले आहे. १९४० च्या दशकात निजामाच्या नोकरीत असताना गोंडांना पट्टे मिळवून देण्यासाठी तो स्वतः झटला होता, म्हणून त्याच्या शब्दांना वजन आहे. त्या बाजूस ही तेढ २०१७ च्या अखेरीस दंगलीपर्यंत गेली. आमच्या बाजूचे एक उदाहरण फारसे कोणी सांगत नाही. १९७६ चा तोच कायदा अमलात येईपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात गोंड आणि आंध हे फक्त केळापूर, वणी आणि यवतमाळ ह्या तहसिलींतच आदिवासी मानले जात. पुसद वा दारव्हा तहसिलीतील त्यांचाच भाऊबंद कायद्याने आदिवासी नव्हता. म्हणजे तहसिलीची शीव ओलांडून मुलगी दिली तर तिची जमात बदले. ज्यांच्या मूळपणाविषयी कोणाला शंका नव्हती त्यांनाही दप्तराने अशा रीतीने पंचवीस वर्षे उपरे करून ठेवले होते.

१९९० साली मर्री चंद्रशेखर राव ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, एका राज्यात अनुसूचित असलेला मनुष्य दुसऱ्या राज्यात राहावयास गेला तर तो दर्जा त्याच्याबरोबर जात नाही, कारण घटनेने तो दर्जा त्या-त्या राज्यापुरता दिलेला आहे. तत्त्व म्हणून ते बरोबर असेल. पण ज्या समाजाची ओळखच वाटेवर घडली, त्याच्या वाट्यास हे तत्त्व इतरांपेक्षा अधिक कठोरपणे येते. २ सप्टेंबर २०२५ रोजी मराठा समाजासाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार राज्य शासनाने मान्य केला, तेव्हा त्याच आधाराने आम्हांसही अनुसूचित जमातींत घ्या, अशी मागणी घेऊन बंजारा समाजाचे मोर्चे निघाले आणि त्यांच्या विरोधात आदिवासींचेही निघाले. मागणी योग्य की अयोग्य हा वाद येथे नको. एवढेच नमूद करतो की, ज्या निजामी दप्तराचा हवाला दिला जातो, त्याच्या कारभारातून वऱ्हाड १८५३ सालीच बाहेर पडले होते, आणि म्हणून मराठवाड्यातील बंजाऱ्यास जो कागद सापडेल तो पुसदच्या बंजाऱ्यास सापडेलच असे नाही.

सर्वांत बिकट प्रसंग वनहक्काचा. २००६ च्या कायद्याने जंगलातील जमीन कसणाऱ्यास हक्क दिला; आदिवासी असल्यास १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखविला की पुरे; इतरांनी मात्र त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तेथे वास्तव्य असल्याचे सिद्ध केले पाहिजे. पैनगंगेपलीकडील लंबाडा पहिल्या वर्गात येतो, अलीकडचा बंजारा दुसऱ्या. ह्याने १९३० सालचा पुरावा आणावयाचा. योगायोग असा की, वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे ह्यांनी त्याच वर्षी १० जुलैला पुसदच्या राखीव रानात गवत कापून जंगल सत्याग्रह केला होता. त्या सत्याग्रहाची नोंद इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे, आणि त्याच रानाच्या कडेला तेव्हा कोणाची पाले व झोपड्या होत्या त्याची नोंद दाखविताना मात्र तांड्यातल्या माणसाची पुरेवाट होते, कारण जमाबंदीच्या कागदावर नाव येते ते सारा भरणाऱ्याचे.

नियमांनी एक वाट ठेवली आहे: वृद्ध माणसांचे लेखी जबाब हाही पुरावा मानला जातो, आणि दाव्याची छाननी ग्रामसभेने करावयाची असते. पण वनहक्काच्या ठरावासाठी ग्रामसभेस निम्मे सभासद हजर असावे लागतात, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. आणि पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रस ह्या तालुक्यांतील कित्येक तांडे दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जातात, मागे म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले तेवढी राहतात. साक्ष देणारे गावात आणि ठराव करणारे फडावर, अशी ही स्थिती साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपेपर्यंत असते. म्हणून पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा विचार करणारी सभा भरवावयाची, तर ती हंगाम संपल्यापासून दिवाळीपर्यंतच्या महिन्यांतच भरवावी लागते.